शमुवेलाला हाक कोणी मारली?

जय ख्रिस्त ताई,

आम्ही श्रीरामपूरजवळच्या एका गावात राहतो. मिस्टर साखर कारखान्यात आहेत, मी अंगणवाडी सेविका आहे. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. लोकांनी काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. एका रात्री चर्चमध्ये गुडघे टेकून मी नवस बोलले, की प्रभू, मला मुलगा दे, तो तुझा पाळक होईल. पुढच्याच वर्षी मुलगा झाला. सगळ्या मंडळीला हे माहीत आहे, लहानपणापासून त्याला सगळे 'छोटे पाळकसाहेब' म्हणायचे. आता तो १७ वर्षांचा आहे, बारावी सायन्स झाला. त्याला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा आहे. सेमिनरीचं नाव काढलं तर म्हणतो, 'नवस तू केलास, मी नाही.' दोन महिने झाले, उपासनेलाही येत नाही. मातृदिनाला पाळकसाहेबांनी हन्नावर संदेश दिला तेव्हा बायका वळून माझ्याकडे बघत होत्या. हन्नाने दूध तुटलेलं लेकरू देऊन टाकलं, माझ्याच्यानं १७ वर्षांनीही होत नाही. नवस मोडला तर देव शिक्षा करील का? त्याला काही झालं तर? मिस्टर म्हणतात, जाऊ दे. धाकटी मुलगी १४ वर्षांची आहे, तिचा काही त्रास नाही, संडे स्कूलमध्ये लहान मुलांना तीच शिकवते. मी विश्वासू आई नाही का?

— एक आई

जय ख्रिस्त भगिनी,

तुमच्या पत्रात मध्येच एक वाक्य आहे, 'त्याला काही झालं तर?' मला वाटतं बाकी सगळ्याचं मूळ तिथं आहे. पोराला ताप आला, पोरगं सायकलवरून पडलं, की तुमच्या मनात आधी नवस येत असणार. इतकी वर्षं ही भीती तुम्ही एकटीनं वागवलीय. म्हणून आधी तिचंच बोलू.

तुमचं बायबल घ्या आणि लेवीय पुस्तकाचा शेवटचा, २७ वा अध्याय काढा. यावर मी तरी कधी संदेश ऐकलेला नाही. कुणी नवस बोलून माणूस परमेश्वराला वाहिला, तर त्याला रक्कम भरून सोडवून कसं घ्यायचं, याचा तिथं चक्क तक्ता आहे. २० ते ६० वर्षांच्या पुरुषाला ५० शेकेल चांदी, बाईला ३०. पाच ते वीस वर्षांचा मुलगा असेल तर २० शेकेल, मुलगी असेल तर १०. त्याहून लहानांना ५ आणि ३, साठीच्या पुढच्यांना १५ आणि १०. (बाई दर खेपेला स्वस्त का, म्हणून राग येईल. येऊ द्या, मलाही येतो.) आणि आठव्या वचनात आणखी एक सवलत आहे. ज्याला एवढं परवडत नाही त्यानं याजकापुढे यावं, आणि याजकानं त्याच्या ऐपतीप्रमाणे रक्कम ठरवावी.

तुमचा मुलगा १७ वर्षांचा, म्हणजे २० शेकेल. योगायोग बघा, योसेफही १७ वर्षांचा होता आणि त्याच्या भावांनी त्याला विकलं तेही २० शेकेलांनाच.

आता कुणी चांदी तोलून द्यावी असं मी म्हणत नाही. पण ज्या देवाच्या शिक्षेला तुम्ही भिताय, त्याच्याच नियमशास्त्रात, नियम अगदी कडक होते त्या काळात, नवस केलेलं माणूस घरी परत नेण्याची सोय लिहून ठेवलेली आहे. आईनं शब्द दिला आणि लेकाला त्यात गती नाही, म्हणून लेकाच्या जिवावर उठावं, असं त्या पानांवर कुठंही नाही. ही भीती आज टाकून द्या.

नवस हलका मात्र नाही. तोंडून निघालेला शब्द पाळ, असं बायबलातल्या अनुवाद या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय आणि न बोललास तर पाप नाही, असंही त्याच जागी लिहिलंय. तेव्हा तुमचा नवस फेडायचा आहे. तो कुणी फेडायचा, एवढंच बघायचं राहतं. त्यासाठी हन्नाकडे जाऊ, पण मातृदिनाच्या संदेशातून नको. तो संदेश बहुतेक वेळा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायाच्या शेवटी थांबतो, तिनं मुलाला, शमुवेलाला, शिलोच्या मंदिरात सोडलं तिथं. खरी गोष्ट त्याच्या आधी आणि नंतर आहे.

एफ्राइमाच्या डोंगराळ मुलखातला एलकाना, त्याच्या दोन बायका. पनिन्नाला मुलंबाळं, हन्नाला नाहीत. दरवर्षी सगळं कुटुंब शिलोला यज्ञाला जायचं आणि दरवर्षी पनिन्ना तिला टोचून बोलायची. म्हणजे देवाच्या दारी जाण्याचा दिवस हाच हन्नाचा सगळ्यात वाईट दिवस. तुम्हाला हे सांगायला नको. एलकाना बिचारा प्रेमळ होता, पण नवऱ्यांना सुचतं तेच त्यालाही सुचलं. म्हणाला, रडतेस कशाला, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? हन्नानं यावर उत्तर दिल्याचं लिहिलेलं नाही. ती उठली आणि मंदिरात गेली. तिथं 'मुलगा दिलास तर तो आयुष्यभर तुझाच राहील' असा नवस बोलून ती नुसते ओठ हलवत मनात प्रार्थना करत होती, तर एली याजकाला वाटलं बाई प्यायलीय. तो तिला दटावतो. आणि ती त्याला, इस्राएलाच्या मुख्य याजकाला, मान राखून पण सरळ सांगते की मी प्यायलेली नाही, मी दुःखी बाई आहे, माझं मन परमेश्वरापुढं मोकळं करत होते.

यापुढचं वचन अठरावं. त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढा. ती परत गेली, जेवली आणि तिचा चेहरा उदास राहिला नाही. मूल अजून झालेलं नाही, दिवससुद्धा गेलेले नाहीत. घरी तीच पनिन्ना, त्याच बायका, तेच टोमणे. तरी ती जेवते.

हन्नाच्या आईपणाचा नमुना घ्यायचा तर मी इथून घेईन. तिचं दुःख तिनं मूल होण्याआधीच देवापुढं रिकामं केलं. त्यामुळे शमुवेल जन्मला तेव्हा आईचे डोळे पुसण्याचं, पनिन्नाला उत्तर देण्याचं किंवा गावात आईची मान वर करण्याचं काम त्याच्या वाट्याला आलेलं नव्हतं. तुमच्या मुलाचं तसं झालं नाही. तो बोलायला लागला तेव्हापासून त्याला एकच गोष्ट ऐकू आली, की तू आमच्या रडण्याचं उत्तर आहेस. 'छोटे पाळकसाहेब' हे कौतुकाचं नाव असेल, पण त्या नावाला कधी 'नको' म्हणायची सोय त्याला होती का? सतराव्या वर्षी त्यानं ते पहिल्यांदा म्हटलं, आणि बोलला तेही खरंच. नवस तुम्ही केला, त्यानं नाही.

आता तुम्ही म्हणाल, शमुवेलाला तरी कुणी विचारलं होतं? नव्हतं. हे मी झाकून ठेवणार नाही. दूध तोडण्याचं वय त्या काळी तीनेक वर्षांचं असावं. मक्काबी लोकांच्या कथेतली आई आपल्या मुलाला, तीन वर्षं पाजलं, अशी आठवण देते. इतक्या लहान पोराला एलीच्या घरी ठेवायचं, आणि त्या घरात एलीचे बिघडलेले मुलगे, हफनी आणि फिनहास! हा भाग वाचताना दर वेळी मी अडखळते. मी असते तर त्या घरी मांजराचं पिल्लूही ठेवलं नसतं. पण काळ वेगळा होता, मुलाचा धंदा घराण्यानं ठरायचा. बायबलातल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातल्या वंशावळीत एलकानाचं घराणं लेवी वंशात धरलंय. लेव्यांचं कामच निवासमंडपातलं. सुताराचा मुलगा सुतारकीला बसावा, तसा तो तिथं गेला. फक्त फार लवकर गेला. बारावी झालेला, हातात पक्कड घेतलेला तुमचा मुलगा आणि अंगावरचं दूध नुकतं सुटलेला शमुवेल यांची तुलना होत नाही.

आणि त्या लहानग्याच्या बाबतीतही हन्नानं घाई केली नाही, हे लोक विसरतात. मूल झाल्यावर पुढच्या वर्षी एलकाना शिलोला निघाला तेव्हा ती म्हणाली, मी येत नाही, याचं दूध तुटू दे. कधी जायचं हे तिनं मुलाकडे बघून ठरवलं. यज्ञाची तारीख आणि लोकांची तोंडं तिनं बाजूला ठेवली. एलकाना म्हणाला, तुला बरं वाटेल तसं कर. तुमचे मिस्टर 'जाऊ दे' म्हणतात त्यातही बरंच शहाणपण असेल. त्यांना एकदा नीट बसवून विचारा, जाऊ दे म्हणजे नक्की काय.

मग तिनं त्याला नेलं. गोऱ्हा, एफाभर सपीठ, द्राक्षारसाचा बुधला, सगळं साग्रसंगीत. आणि दुसऱ्या अध्यायात तिचं गीत आहे, जे पुढे येशूची आई मरीया हिच्या गीतात पुन्हा ऐकू येतं. बलाढ्यांची धनुष्यं मोडतात, उपाशी तृप्त होतात, कंगालाला तो धुळीतून उठवतो. या अख्ख्या गीतात शमुवेलाचा उल्लेख नाही. मुलाला सोडून घरी निघालेली आई गाते, आणि त्यात मुलगा नाही, तो पुढे कोण होणार त्याची एक ओळ नाही. तिनं त्याला मंदिरात ठेवलं, पण त्याचं भविष्य लिहून दिलं नाही.

आता तिसरा अध्याय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं दिसतं, आणि तुमच्या मुलाबरोबर बसून एखादा अध्याय वाचायची वेळ आलीच तर हाच वाचा. शमुवेल मंदिरात झोपलेला आहे. जोसेफस नावाच्या यहुदी इतिहासकारानं त्याचं वय तेव्हा १२ वर्षं दिलंय. इतकी वर्षं मंदिरात काढली, दिवे लावले, दारं उघडली, तरी सातव्या वचनात लिहिलंय की शमुवेलाला अजून परमेश्वराची ओळख झालेली नव्हती. आईनं नवस केला, मुलगा मंदिरात वाढला, मुख्य याजकाच्या हाताखाली शिकला, आणि तरीही ओळख नाही! मग रात्री हाक येते. तो तीनदा धावत एलीकडे जातो, एली म्हणतो, मी नाही बोलावलं, जा झोप. तिसऱ्या खेपेला म्हाताऱ्याच्या ध्यानात येतं की हे कुणाचं बोलावणं आहे. चौथ्यांदा शमुवेल म्हणतो, बोल, तुझा दास ऐकत आहे.

त्या रात्री हन्ना तिथं नव्हती. ती रामा इथं आपल्या घरी होती, आणि मुलाला हाक आल्याचं तिला कधी कळलं, हेही लिहिलेलं नाही. हाक परमेश्वरानं मारली, ओळखायला एलीनं मदत केली, उत्तर मुलानं दिलं. आईच्या नवसानं फार तर त्याला हाक ऐकू येईल अशा जागी नेऊन ठेवलं. आपल्या मंडळ्यांत आपण ज्याला पाचारण म्हणतो ते हेच. सेमिनरीत जाणाऱ्या उमेदवारालाही स्वतःच्या पाचारणाची साक्ष द्यावी लागते. तुमच्या मुलानं तिथं काय लिहावं? 'माझ्या आईनं बोललं होतं' असं?

ज्यांना हाक आली नाही पण सेवा मिळाली, असे दोघं याच गोष्टीत आहेत. हफनी आणि फिनहास. याजकाचे मुलगे म्हणून याजक झालेले. परमेश्वराला ते ओळखत नव्हते, असं त्यांच्याबद्दलही लिहिलंय. यज्ञाचं मांस शिजत असताना त्यांचा नोकर तीन दातांचा काटा घेऊन यायचा आणि वर येईल ते उचलून न्यायचा. बाकीच्या भानगडी तुम्हाला माहीत आहेतच. घराण्याच्या हट्टानं वेदीवर उभा केलेला माणूस काय करतो ते पाहायला फार लांब जायला नको. मंडळीत जे बायाबापे तुम्हाला नवस आठवून देतात, त्यांनी उद्या मन नसलेल्या पाळकाचे संदेश रविवारमागून रविवार ऐकायची तयारी ठेवलीय का?

हन्नानं जो शब्द दिला तो तरी तिच्या डोळ्यांपुढच्या चित्राप्रमाणे पुरा झाला का, हे बघण्यासारखं आहे. शिलो टिकलं नाही. पलिष्ट्यांशी लढाई हरली, कराराचा कोश गेला, हफनी आणि फिनहास मारले गेले, ९८ वर्षांचा एली ती बातमी ऐकून आसनावरून मागे पडला आणि मान मोडून मेला. पुढे यिर्मया शिलोचं नाव घेतो तेही उद्ध्वस्त जागेचं उदाहरण म्हणून. मग शमुवेलानं आयुष्यभर केलं काय? तो न्यायाधीश झाला, संदेष्टा झाला, बेथेल, गिलगाल, मिस्पा असा दरवर्षी फिरतीवर जायचा. आणि सातव्या अध्यायाच्या शेवटी एक वचन आहे, की नंतर तो रामा इथं परत यायचा, कारण तिथं त्याचं घर होतं. आईनं कायमचा देऊन टाकलेला मुलगा आईच्याच गावात राहायला आला. हे तिनं मागितलेलं नव्हतं, तिला दिसलेलंही नसेल. देवाची सेवा म्हणजे शिलोतलं याजकाचं वस्त्र, एफोदच, असं हन्नाला वाटलं असेल तर ते चुकलं. देवाची सेवा म्हणजे पाळकाचा झगाच, असं तुम्हाला का वाटावं? गावात रात्री ट्रान्सफॉर्मर जळाला, की लोक कुणाला शोधतात?

बरं, हन्नाचा मुलगा इतका मोठा संदेष्टा. त्याचे मुलगे? योएल आणि अबीया. बैर-शेब्यात न्यायाधीश होते, लाच खायचे. त्यांच्यावरून लोक शमुवेलाकडे आले आणि म्हणाले, आम्हाला राजा दे. म्हणजे हन्नाची नातवंडं ही अशी. बायबल त्यासाठी हन्नाला नावं ठेवत नाही, शमुवेलालाही नाही. विश्वासू आईबापाची लेकरं हमखास विश्वासू निघतात, असा हिशेब शास्त्रात बसत नाही. उलटंही बसत नाही. तेव्हा मुलगा उपासनेला येत नाही हा तुमच्या विश्वासाचा निकाल आहे, असं समजू नका.

आता करायचं काय.

पहिल्यांदा मुलाशी बोला, आणि लवकर बोला. घरच्या प्रार्थनेच्या वेळी नको, पाळकसाहेबांसमोर नको, मामा-काकांना मध्ये घालून तर नकोच. तो काहीतरी दुरुस्त करत बसला असेल तेव्हा बाजूला बसा. सांगायचं एवढंच: 'तुझ्यासाठी मी प्रार्थना केली होती, तू झालास, त्याचा आनंद मला आजही आहे. तेव्हा जे बोलले ते माझ्या दुःखात बोलले. तो नवस माझा आहे, तो मी फेडीन. तुझ्यावर त्याचं ओझं नाही.' इथं थांबा. शेवटी 'पण' लावू नका. 'पण प्रार्थना सोडू नकोस', 'पण प्रभूला विसरू नकोस', यातलं काही नको. त्यानं 'बरं' म्हटलं आणि स्क्रू पिळत राहिला, तरी पुष्कळ झालं. 'छोटे पाळकसाहेब' हे नाव घरात बंद करा आणि बाहेर कुणी घेतलं तर तुम्हीच टोका.

दुसरं डिप्लोमाचं. त्याच्या बारावी सायन्सचा उपयोग आहे, महाराष्ट्रात बारावी सायन्स झालेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. प्रवेशाची फेरी कुणासाठी थांबत नाही. कागदपत्रं काढायला त्याच्याबरोबर तुम्ही जा. मिस्टरांना पाठवू नका, तुम्ही जा. शमुवेल शिलोला राहायला लागल्यावर हन्ना दरवर्षी एक लहानसा झगा शिवून घेऊन जायची, असं दुसऱ्या अध्यायात आहे. मला ही बाई सगळ्यात खरी इथं वाटते. मूल समोर नाही, आणि वर्षभरात किती वाढलं असेल याचा अंदाज घेऊन कापड कापायचं. गेल्या वर्षीच्या मापाचा झगा चालत नाही. आईचं प्रेम तिनं त्याच्या आजच्या मापानं शिवलं. तुमच्या मुलाचं आजचं माप इलेक्ट्रिकलचं आहे.

उपासनेचा विषय फीशी, मोबाइलशी, गाडीशी कशाशीही जोडू नका. 'रविवारी आलास तर पैसे' असं एकदा झालं की पुढं तो आला तरी तुम्हाला कळणार नाही कशासाठी आला. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत मोनिका नावाची आई होती, तिचा मुलगा ऑगस्टीन मंडळीपासून दूर गेला होता. ती एका बिशपकडे गेली, म्हणाली, तुम्ही त्याच्याशी बोला, त्याला पटवा. बिशपनं नकार दिला. म्हणाला, आता त्याला राहू दे, फक्त त्याच्यासाठी प्रार्थना कर, तो वाचता वाचता स्वतःच शोधून काढील. ती रडून फार मागे लागली तेव्हा वैतागून तो म्हणाला, जा आता, इतक्या अश्रूंचा मुलगा नाश पावणं शक्य नाही. हे दुसरं वाक्य सगळ्या आयांना पाठ असतं. पहिलं कुणी सांगत नाही. आणि तिलाही ते लगेच जमलं नाही. ऑगस्टीन शेवटी तिला खोटं सांगून रात्रीच्या जहाजानं रोमला पळाला होता! त्याचा बाप्तिस्मा झाला मिलानमध्ये, ३८७ साली, तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता. तुमच्याकडे दोनच महिने झालेत. रविवारी तुम्ही तयार व्हा, 'निघते रे' म्हणा आणि निघा.

नवस फेडायचा तो असा. पाळकसाहेब एकटे असताना त्यांना भेटा, मिस्टरांना बरोबर घ्या. लेवीय २७ मधलं आठवं वचन त्यांच्यापुढं ठेवा आणि म्हणा, आमच्या ऐपतीप्रमाणे सांगा. एखाद्या सेमिनरीतल्या मुलाच्या वर्षाच्या पुस्तकांचा खर्च असेल, किंवा पैसे नसतील तर तुमचा वेळ असेल. आजारी माणसांच्या घरी जाणं असेल. जे ठरेल ते तुमच्या हातून व्हावं, मुलाच्या नाही. दागिने गहाण टाकायचे नाहीत, पतसंस्थेचं कर्ज काढायचं नाही, आणि दंड भरतेय अशा चेहऱ्यानं द्यायचं नाही. पाळकसाहेबांना हेही सांगा की पुढच्या मातृदिनी हन्ना घेतली तर तिसऱ्या अध्यायापर्यंत न्या. ते समजूतदार असतील तर त्या बायकांचं तेच बघतील. नसतील, तर तुम्हीच म्हणा: 'नवस माझा आहे, मी फेडतेय.' पुढं त्यांना विचारायला काही उरत नाही. इफ्ताहाची गोष्ट आठवत असेल तुम्हाला. बापानं लढाईच्या जोशात नवस केला आणि किंमत मोजली एकुलत्या एक मुलीनं. पुढे इस्राएलातल्या मुली तिच्यासाठी दरवर्षी चार दिवस शोक करायच्या. त्या नवसासाठी बायबलात बापाची वाहवा केलेली नाही.

एक राहिलं. तुमच्या धाकट्या मुलीवर अख्ख्या पत्रात एक ओळ आहे, 'तिचा काही त्रास नाही'. हन्नालाही पुढे तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या, एका वचनात आटोपलंय, नावंही दिलेली नाहीत. जी मुलं त्रास देत नाहीत त्यांच्या वाट्याला घरात एवढंच येतं. संडे स्कूल ती चालवते, म्हणजे तुम्ही मुलासाठी जे मागत होता ते काम घरात कुणीतरी करतंच आहे, आणि कुणाच्या लक्षात आलेलं नाही. हे वाचून लगेच नवस तिच्याकडे वळवू नका, कृपा करून! आता बऱ्याच मंडळ्यांत स्त्रियाही पाळक होतात. पण तिला ते हवं असेल तर तीच सांगेल, पाच वर्षांनी किंवा कधीच नाही. या आठवड्यात फक्त तिला जवळ घ्या आणि विचारा की लहान मुलांना शिकवायला तिला आवडतं, की दुसरं कुणी येत नाही म्हणून ती जाते. दुसरं असेल तर तिला एखाद्या रविवारी सुट्टी द्या आणि त्या दिवशी वर्ग तुम्ही घ्या.